खेळात राजकारण आणलं कुणी?

१३ मार्च २०२२. लंडनमध्ये इंग्लंडच्या दोन फुटबॉल क्लबांचा सामना, चेल्सी विरुद्ध न्यूकॅसल. आदल्याच दिवशी सौदी अरेबियाने एका दिवसात ८१ जणांना देहदंड दिल्याची बातमी आली होती आणि न्यूकॅसलमध्ये पैसा आहे तो सौदीचाच. समोरच्या चेल्सीचा तेव्हाचा मालक रशियन अब्जाधीश अब्रामोविच. पुतिनशी जवळीक असल्याचं सांगून ब्रिटनने तीन दिवसांपूर्वी त्याची मालमत्ता गोठवली होती. ८९व्या मिनिटाला हॅवर्ट्झने गोल केला, चेल्सी जिंकली. नंतर पत्रकारांनी न्यूकॅसलचे प्रशिक्षक एडी हाव यांना त्या ८१ जणांबद्दल विचारलं. मी फक्त फुटबॉलवर बोलेन, एवढंच ते म्हणाले.

खरं सांगतो, मला हाव यांचा राग आला नाही. संघ कसा खेळवायचा हे त्यांचं काम. राग आला तो त्यांना पुढे करून स्वतः मागे राहिलेल्यांचा. ऑक्टोबर २०२१मध्ये सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या पुढाकाराने हा क्लब विकत घेतला गेला, तेव्हा प्रीमियर लीगने, म्हणजे इंग्लंडमधली अव्वल फुटबॉल स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेने, सांगितलं होतं की क्लबवर सौदी राज्याचं नियंत्रण राहणार नाही, तशी कायदेशीर हमी आम्हाला मिळाली आहे. आणि त्या निधीचे अध्यक्ष कोण? सौदीचे युवराज मोहम्मद बिन सलमान! असल्या हमीवर कुणी विश्वास ठेवावा?

यावर ठरलेलं उत्तर येतं, खेळात राजकारण आणू नका. अहो, पण आणलं कुणी? चाहत्यांनी नाही. आपला क्लब कुणाला विकला जातोय, हे त्यांना कुणी विचारत नाही. ब्रिटनचं सरकार सौदीला शस्त्रं विकतं, मग जाब फक्त चाहत्यालाच का, हा प्रश्न मला रास्त वाटतो. पण म्हणून विक्रीवर सही करणारे सुटत नाहीत.

१९७८चा फुटबॉल विश्वचषक अर्जेंटिनात झाला, तेव्हा तिथे लष्करी राजवट होती. ब्यूनोस आयर्समध्ये अंतिम सामना झाला त्या स्टेडियमपासून जवळच नौदलाच्या शाळेत माणसं डांबून त्यांचा छळ चालला होता. त्यातून वाचलेल्यांनी पुढे सांगितलं, की स्टेडियममधला जल्लोष आत ऐकू यायचा. हे वाचल्यापासून गर्दीचा तो आवाज मला पूर्वीसारखा ऐकवत नाही.

नाही म्हणता येतं, हे महिला टेनिसने दाखवलं होतं. नोव्हेंबर २०२१मध्ये चिनी टेनिसपटू पेंग श्वाईने चीनच्या माजी उपपंतप्रधानांवर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. तिची पोस्ट लगेच गायब झाली, पुढे काही आठवडे तीही दिसेना. महिला टेनिसची संघटना डब्ल्यूटीएने चीनमधल्या सगळ्या स्पर्धा थांबवल्या, मोठ्या कमाईवर पाणी सोडलं. मागणी होती ती निष्पक्ष चौकशीची. चौकशी काही झाली नाही आणि २०२३मध्ये स्पर्धा पुन्हा चीनला गेल्या. मला फार वाईट वाटलं. तरी त्यांना मी जागतिक फुटबॉल संघटना फिफाच्या पंगतीत बसवणार नाही. पुरुषांचं टेनिस तेव्हा सोबत उभं राहिलं असतं तर? निदान चीनला एवढं सोपं गेलं नसतं.

फिफाने २०३४चा विश्वचषक सौदीला दिला तो डिसेंबर २०२४मध्ये. दावेदार एकच, मंजुरी टाळ्या वाजवून.

तो विश्वचषक मी बघेन की नाही, हे आज सांगता येत नाही. फुटबॉलवर जीव आहे, उगाच शपथ घेणार नाही. पण तिथल्या पत्रकार परिषदेत कुणी तुरुंगातल्या माणसांबद्दल विचारलं, तर "खेळावर बोला" म्हणून त्याला गप्प करणाऱ्यांत मी नसेन.