ताटावरून उठवलेली पाखरं

आत्ताच नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातून परत आलेय. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

सकाळी चापडगावच्या बाजूला मनोऱ्यापाशी होते. समोर उथळ पाण्यात वारकरी पक्षी चरत होते. शेकड्यांनी, काळेभोर, कपाळावर पांढरा टिळा. मागून एक ग्रुप आला. त्यातल्या एकाने ढेकूळ उचललं आणि दिलं भिरकावून. कशासाठी? थवा उडतानाचा व्हिडिओ हवा म्हणून! वारकऱ्याला जागच्या जागी झेप घेता येत नाही, पाण्यावर पाय मारत लांबवर धावावं लागतं. अख्खा थवा फटाफटा धावत सुटला आणि ही मंडळी टाळ्या पिटतायत.

पाच वर्षांपूर्वी आईला इथेच आणलं होतं. गुडघे धरत मनोरा चढली. गाइड पोराने स्कोप लावून दिला, तर नेमकं हळदी-कुंकू बदक. काळ्या चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके. "अगं बाई, खरंच लावलंय की!" तेही कुजबुजत. मी जरा मोठ्याने बोलले तर मलाच दटावलं, "हळू. जेवतायत ती. ताटावरून कुणाला उठवू नये."

एवढं साधं कळत नाही का हो? लडाख-तिबेटकडून चक्रवाक येतात ते इथे पोट भरायला. गोदावरी-कादवाचा गाळ शंभराहून जास्त वर्षं बंधाऱ्यामागे साचला, तेव्हा कुठे हे उथळ पाणी झालं. १९८६ पासून अभयारण्य आहे, राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ आहे. परतीच्या प्रवासासाठी पाखरांना अंगावर चरबी साठवावी लागते. प्रत्येक वेळी उठवलं की तीच खर्ची पडते. तुमच्या दहा सेकंदांच्या व्हिडिओसाठी!

मान्य, माणसं आली नाहीत तर गावातल्या गाइड पोरांनी कमवायचं कुठून. या की. चार तास बसा. पण हात खिशात ठेवा.

त्या ग्रुपला मी बोलले. नको तेवढं बोलले बहुतेक. नंतर हातपाय थरथरत होते. तोच जुना गाइड शेजारी येऊन उभा राहिला, म्हणाला, "ताई, या खेपेला मावशी नाही आल्या?" घशात आवंढाच आला. आईला आता जिना चढवत नाही.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं. ढेकळाचं ऐकून बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "परत बसली का गं जेवायला?"

बसली म्हटलं. पण पार पलीकडच्या काठाला.