‘वाटी बदलली, आता सॅक माळ्यावर टाका’ : या मेसेजला मुद्देसूद उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा सारांश असा: गुडघ्याची वाटी बदलल्यावर (म्हणजे गुडघ्याचा पूर्ण सांधा बदलल्यावर) पाठीवर ओझे कायमचे बंद, कृत्रिम सांधा दहा वर्षांत झिजतो, म्हणून जितके कमी चालाल तितका तो टिकेल, चढ टाळा, उताराला हरकत नाही, जी सुधारणा व्हायची ती तीन महिन्यांत होते, मांडी घालता येत नाही, तेव्हा तंबूतला मुक्काम विसरा, आणि पावसात भिजलात तर आतला धातू गंजतो. यातला उताराचा सल्ला तर सरळ धोक्याचा आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

गंजण्याचे आधी संपवू. मांडीच्या हाडावरचा भाग बहुधा कोबाल्ट-क्रोमचा असतो, नडगीवरची थाळी टायटॅनियमची किंवा कोबाल्ट-क्रोमचीच, आणि मधली चकती पॉलिइथिलीनची. चोर्ला घाटातला पाऊस यापर्यंत पोचत नाही, आणि पोचला तरी हे पदार्थ लोखंडासारखे गंजणारे नाहीत.

“दहा वर्षांत झिजतो, म्हणून कमी चाला.” 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये राष्ट्रीय नोंदवह्यांवर आधारलेला अभ्यास आला. त्यात पूर्ण गुडघा बदललेल्यांपैकी सुमारे 82 टक्के सांधे 25 वर्षे टिकल्याचे दिसले. पन्नाशीत ऑपरेशन झालेल्यांना पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता सत्तरीतल्यांपेक्षा जास्त, हे खरे. पण सांधा पुन्हा बदलावा लागतो त्यामागे नुसती चकतीची झीज नसते. जंतुसंसर्ग, हाडावरची पकड सैल होणे, सांधा डगमगणे ही मोठी कारणे. न चालल्याने यातले काहीच टळत नाही. उलट मांडी बारीक होते, हाड ठिसूळ होते, वजन वाढते. पळणे आणि उड्या मारणे बहुतेक सर्जन नको म्हणतात. डोंगरात चालणे त्या यादीत बसत नाही, विशेषतः आधीपासून सवय असलेल्यांसाठी.

“पाठीवर ओझे कायमचे बंद.” बर्लिनच्या संशोधकांनी भार मोजणारे सेन्सर असलेले सांधे रुग्णांना बसवून प्रत्यक्ष मोजमाप केले आहे. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण 2.6 पट भार येतो, जिना चढताना 3.2 पट, उतरताना 3.5 पट. म्हणजे 70 किलोचा माणूस उतरताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर 245 किलोच्या आसपास भार घेतो. पाठीवर 10 किलो आले की ढोबळमानाने त्यात आणखी 35 किलोंची भर. ओझे मोजून का घ्यायचे ते यावरून कळते, पण बंदीचे कारण यात नाही. पोटावरचे दहा किलोही गुडघ्याला इतकेच जड पडतात, आणि ते तर रोज चोवीस तास बरोबर असतात.

सर्जनने तपासून आणि एक्स-रे पाहून होकार दिला, की सुरुवात रिकाम्या सॅकने आणि सपाटीवर करावी. बेळगावातले व्हॅक्सिन डेपोचे मैदान यासाठी उत्तम. सलग 5 किलोमीटर चालून दुसऱ्या दिवशी सूज नसेल तर 3 किलो घ्या. पुढे दर दोन आठवड्यांनी एखादा किलो. अंतर, चढ आणि वजन यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. तिन्ही एकदम वाढवली की गुडघा फुगतो आणि नेमके कशाने फुगला ते कळत नाही. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा: एक लिटर म्हणजे एक किलो. येळ्ळूरहून राजहंसगडावर वरपर्यंत रस्ता आहे. सहा लिटर घेऊन चढा, वर पोचल्यावर पिण्यापुरते ठेवून बाकीचे झाडांना घाला आणि हलके होऊन उतरा. चढाचा सराव पूर्ण होतो, उताराचा भार वाचतो. मुक्कामाच्या फेरीत 8 किलोंच्या आत राहावे असे आमचे मत आहे. तंबू आणि भांडी सोबत्यांनी वाटून घ्यावीत.

सूज डोळ्यांनी ठरवू नका. सकाळी उठल्यावर गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध शिंप्याची टेप लावून घेर मोजा आणि लिहून ठेवा. डोंगर झाल्याच्या दुसऱ्या सकाळी तो नेहमीपेक्षा एक सेंटिमीटरहून जास्त असेल तर आदल्या टप्प्यावर परत या.

“चढ टाळा, उताराला हरकत नाही.” वरचे आकडे नेमके उलटे सांगतात. चढताना दम लागतो, म्हणून तेच अवघड वाटते. उतरताना मात्र मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचे काम करतात, आणि ऑपरेशननंतर सगळ्यात उशिरा भरून येणारे स्नायू हेच. ते थकले की पाऊल आपटते आणि गुडघा आत वळतो.

त्यात आपल्याकडच्या जांभ्याच्या पायवाटा. कोरड्या दिवसांत वरचे सुटे खडे गोट्यांसारखे घरंगळतात, आणि श्रावणात त्याच दगडावर शेवाळ चढते. घसरून पडल्यावर कृत्रिम सांध्याच्या लगतचे हाड मोडले तर ते जोडणे साध्या फ्रॅक्चरपेक्षा बरेच किचकट असते. म्हणून दोन काठ्या हव्यातच. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी लांबी ठेवा, उताराला 5 ते 10 सेंटिमीटर वाढवा. कोरड्या कातळावर टोकाला रबरी टोपी, चिखलात ती काढून टाका. उंच पायरी आली की आधी दोन्ही काठ्या खाली टेकवा, मग ऑपरेशनचा पाय, शेवटी चांगला पाय. चढताना क्रम उलटा: चांगला पाय आधी. दोन्ही गुडघे बदलले असतील तर जो कच्चा वाटतो तो ऑपरेशनचा धरा. पाऊल छोटे, गुडघा किंचित वाकलेला. सरळ ताठ पायावर उतरलात की धक्का थेट सांध्यात जातो.

“तीन महिन्यांत व्हायचे ते होते.” तीन महिन्यांत घरातली आणि बाजारातली कामे जमतात, एवढाच याचा अर्थ. गुडघ्याचा गरमपणा आणि संध्याकाळची सूज सहा महिनेही राहू शकते. मांडीची ताकद वर्षभर, कधी त्याहून पुढेही वाढत राहते. जखमेच्या बाहेरच्या बाजूची बधिर जागा मात्र काहींना कायमची राहते, त्याने घाबरू नये. डोंगराची तयारी कॅलेंडरवर न पाहता पायावर पाहा. साध्या खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठता येते का? 15 ते 20 सेंटिमीटरच्या पायरीवर ऑपरेशनच्या पायावर उभे राहून दुसरी टाच हळूच जमिनीला टेकवून परत, असे दहा वेळा गुडघा आत न वळता जमते का? आणि गुडघा पूर्ण सरळ होतो का? जास्त वाकावा म्हणून सगळे धडपडतात, पण सरळ न होणारा गुडघा मांडीला सतत कामाला लावतो आणि दोन तासांत थकवतो.

मुक्कामाचे म्हणाल तर गुडघा बऱ्याच जणांचा 110 ते 120 अंशांपर्यंत वाकतो. जिन्याला तेवढे पुरते, मांडी घालायला आणि उकिडवे बसायला पुरत नाही. खरी अडचण सकाळी झाडीत जाताना येते, आणि ती लाजेपोटी कोणी बोलत नाही. मध्ये भोक असलेले घडीचे स्टूल मिळते, ते न्या. तंबूतून उठताना कुशीवर वळा, चांगला गुडघा जाड गादीच्या तुकड्यावर टेकवा, काठी धरून उभे राहा.

पहिल्या वर्षी जागा अशी निवडा जिथे गाडी पोचते. भीमगडच्या जंगलात वनखात्याची परवानगी लागते, आणि आमगाव, गवाळीसारख्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणायची वेळ येते. तिथे पाय मुरगळला तर सोबत्यांचे हाल होतात. जळू चावली किंवा पायाला चीर पडली तर साबण-पाण्याने धुऊन झाकून ठेवा. त्वचेतला संसर्ग रक्तावाटे सांध्यात जाऊ शकतो, ऑपरेशनला वर्षे उलटली तरी. गुडघा अचानक लाल, गरम झाला, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले तर त्याच दिवशी सर्जनला गाठा. वाटेतल्या मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊ नका. गोळी आधी पोटात गेली की सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, आणि नेमके औषध ठरवणे अवघड होऊन बसते.