बीट, मीठ आणि व्हिनेगरने शिबोरी होत नाही

सुट्टी लागली की व्हॉट्सॲपवर एक कृती हमखास फिरायला लागते: ‘घरच्या घरी जपानी शिबोरी, शंभर टक्के रसायनमुक्त’. शिबोरी म्हणजे कापड बांधून, शिवून किंवा आवळून रंगवण्याची जपानी कला, आपल्या बांधणीसारखी. पांढरा सुती टीशर्ट रबरबँडने बांधा. बीट, जांभूळ किंवा हळद उकळून त्यात बुडवा. मीठ आणि व्हिनेगर घातलं की रंग कायमचा पक्का होतो. निळा हवा असेल तर कपड्यांना द्यायची नीळ घ्या. अर्ध्या तासात सोडा आणि उरलेलं पाणी कुंड्यांना घाला. वाचायला छान वाटतं, म्हणून लोक करून बघतात. तिसऱ्या धुण्याला टीशर्ट पुन्हा पांढुरका होतो आणि नैसर्गिक रंग टिकतच नाहीत, अशी समजूत घरात कायमची बसते. मला खरा राग त्याचा येतो, कारण नैसर्गिक रंग टिकतात. या कृतीतले टिकत नाहीत.

बीटचा लाल रंग बेटानिनचा. तो पाण्यात चटकन विरघळतो, पण सुताला धरून राहत नाही. टोपातून काढलेलं ओलं कापड गडद गुलाबी दिसतं आणि फोटो नेमका त्याच वेळी काढलेला असतो. साध्या पाण्यात दोनदा खळबळलं की बहुतेक रंग मोरीत जातो, उरलेला उजेडाने उडतो. जांभूळ आणि लाल कोबीतलं अँथोसायनिन आंबटात लाल होतं आणि सोड्यात निळं-हिरवं, त्यामुळे साबण लागला की तुमचा रंग बदललाच. हळद सुतावर कशाच्याही मदतीशिवाय चढते, हे खरं. पण हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि कपडा उन्हात टाकला की निघून जातो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

स्वयंपाकघरातलं काहीच चालत नाही, असं मात्र नाही. डाळिंबाची साल, कांद्याची टरफलं, देवघरातलं झेंडूचं निर्माल्य यांतून चांगले पिवळे रंग निघतात. मात्र त्यांना आधी तुरटी लागते, आणि त्या मजकुरात तिचं नावही नाही.

तुरटीच्या जागी तिथे मीठ आणि व्हिनेगर आहे. ही समजूत बहुधा कृत्रिम रंगांच्या पुड्यांवरून आली असावी. सूत पाण्यात किंचित ऋणभारित असतं आणि सुतासाठी बनवलेले बरेच कृत्रिम रंगही तसेच. मिठाने त्यांच्यातलं ढकलणं कमी होतं आणि रंग धाग्यात शिरतो. व्हिनेगर उपयोगी पडतं ते लोकर आणि रेशमावर, तेही ॲसिड डाय, म्हणजे आंबट पाण्यात चढणारे कृत्रिम रंग, वापरताना. सुती टीशर्ट आणि बीट यांच्यात या दोघांचं काही काम नाही.

वनस्पतीचा रंग सुतावर बसायला रंगबंधक लागतो. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका बाजूने धाग्याला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरून ठेवतं. गंमत अशी की नुसती तुरटीसुद्धा सुतावर नीट बसत नाही, म्हणून आपल्याकडचे रंगारी आधी हिरड्याचं पाणी देत आले. हिरड्यातलं टॅनिन सुताला चिकटतं आणि तुरटी त्या टॅनिनला. हा हिरडा आपल्याच सह्याद्रीतला. जुन्नर-आंबेगावकडचे महादेव कोळी तो जंगलातून गोळा करतात. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, तो मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांनी रंगवलेला होता. रंगबंधकाशिवाय सुतावर तो रंग धरत नाही, म्हणजे ही विद्या चार हजार वर्षांहून जुनी आहे. ती बाजूला सारून बाटलीतलं व्हिनेगर पुढे करायचं, हे मला पटत नाही.

करून बघायचं असेल तर 100 ग्रॅम मांजरपाट घ्या. धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा, म्हणजे खळ आणि तेलकटपणा निघेल. पाणी चहासारखं तपकिरी झालेलं दिसेल. मग 20 ग्रॅम हिरडापूड गरम पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर ठेवा, पिळा, 15 ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात पुन्हा भिजवा आणि त्यानंतर डाळिंबाच्या सालीच्या काढ्यात मंद आचेवर तासभर ठेवा. या कापडाची एक पट्टी आणि बीटमध्ये बुडवलेली एक पट्टी, दोन्ही अर्ध्या पुठ्ठ्याने झाकून दोन आठवडे खिडकीत लावा. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरून बघा.

रसायनमुक्त हा शब्द तर सोडूनच द्यावा. तुरटी रसायन आहे, चुना रसायन आहे, हळदीतलं करक्युमिनही रसायनच. विचारायचं ते हे की कोणतं घातक आणि कोणतं नाही. नैसर्गिक रंगाच्या कृतींमध्येही रंगबंधक म्हणून पोटॅशियम डायक्रोमेट आणि मोरचूद (कॉपर सल्फेट) आढळतात. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे, ते घरात आणूच नये. मोरचूदही टाळावा. तुरटी आणि चिमूटभर हिराकस (लोखंडाचं सल्फेट) एवढ्यावर पिवळ्यापासून शेवाळी-राखाडीपर्यंत छटा मिळतात. हिराकस जास्त झाला तर मात्र सूत कुजतं.

आता निळा. नीळ म्हणून मिळणारी पारंपरिक पूड अल्ट्रामरीनची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या निळ्या भुकटीची असते. ती धाग्यावर नुसती बसते आणि धुतली की जाते. शिबोरीचा निळा वनस्पतीच्या इंडिगोचा. तोही पाण्यात विरघळत नाही. प्राणवायू नसलेल्या, क्षारयुक्त (चुना किंवा राख घातलेल्या) पाण्यात त्याला विरघळणाऱ्या रूपात आणावं लागतं. जपानच्या तोकुशिमा भागात त्यासाठी इंडिगोची पानं सुमारे 100 दिवस कुजवतात आणि मग लाकडाच्या राखेचं पाणी, गव्हाचा कोंडा आणि चुना घालून रांजणात आंबवतात. दक्षिण भारतात आंबवायला टाकळ्याच्या बिया घालत, तोच टाकळा ज्याची आपण पावसाळ्यात भाजी करतो. रांजण तयार झाला की वर तांब्यासारखी चकाकती साय आणि निळा फेस येतो, खालचं पाणी मात्र पिवळट हिरवं असतं. कापड बाहेर येतं तेही हिरवंच. हवा लागली की डोळ्यांदेखत ते निळं होत जातं. याला तुरटी लागत नाही. गडद निळ्यासाठी पुन्हा पुन्हा बुडवून वाळवावं लागतं, त्यामुळे अर्ध्या तासाची गोष्टच नाही.

शिबोरी इंडिगोशी जोडली गेली याचं एक कारणही यातच आहे. इंडिगोचा रांजण थंड किंवा कोमट असतो आणि बुडी काही मिनिटांची. रंग बांधलेल्या घडीच्या आत फारसा सरकत नाही, म्हणून पांढरं पांढरं राहतं. तासभर उकळणाऱ्या काढ्यात रबरबँड सैल पडतो आणि रंग आत झिरपतो. मग हाती येतात ते नुसते ढगाळ डाग.

जपानमधलं आरिमात्सु हे गाव, जे आज नागोया शहराचा भाग आहे, 1608 मध्ये एदो (आजचं टोकियो) आणि क्योटो जोडणाऱ्या तोकाइदो रस्त्यावर वसलं. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांना बांधून रंगवलेले सुती पंचे विकत आणि त्यातून बांधण्याच्या शंभरावर तऱ्हा उभ्या राहिल्या. कानोकोत बोटाच्या चिमटीत कापडाचा कण धरून त्यावर दोरा गुंडाळतात. पूर्ण कानोकोच्या रेशमी किमोनोत अशा लाखाच्या वर गाठी असू शकतात. नुइ शिबोरीत दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालतात, तो खेचून चुण्या घट्ट करतात आणि गाठ मारतात. अराशीत कापड लांब खांबावर तिरकं गुंडाळून दोऱ्याने आवळत खाली दाबतात, म्हणून तिरप्या पावसासारख्या रेघा उमटतात. मुलांनी रबरबँड बांधून रंग खेळावा, जरूर खेळावा. त्यावर आरिमात्सुचं नाव लावलं की ज्यांनी आयुष्यभर या गाठी बांधल्या त्यांच्या कामाची किंमत शून्य होते. कच्छ आणि जामनगरच्या बांधणीच्या बायकांचंही तेच होतं.

राहिलं कुंड्यांचं. चुन्याच्या रांजणाचं पाणी इतकं क्षारयुक्त असतं की झाडाची मुळं जळतील, आणि मीठ-व्हिनेगरचं पाणीही कुंडीला वाईटच. खरं तर आंबवलेला रांजण कुणी ओतून देत नाही. अधूनमधून कोंडा आणि चुना देत तो महिनोन्‌महिने जिवंत ठेवतात. उरतं ते कापड खळबळल्याचं पाणी, आणि ते मोरीतच जाऊ द्यावं.