रस्तारुंदीत जागा गेली तर कोर्टात जाता येतं
पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही, रस्तारुंदीत महापालिकेने जागा घेतली तर कोर्टात दाद नाही.’ पहिलं अर्धं खरं. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढला. पण त्याच दुरुस्तीने कलम ३००अ आणलं: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता हिरावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका (सरकारी कारवाईविरुद्ध थेट दाद मागणारा अर्ज) करता येते.

पाडापाडीचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ला किमान १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. रजिस्टर पोस्टाने, शिवाय बांधकामावर चिकटवून. नोटिशीवर मागची तारीख टाकायची चलाखी (ती कोर्टालाही ठाऊक!) चालू नये म्हणून नोटीस बजावली की कलेक्टर ऑफिसला लगेच ईमेल. रस्त्यावर, फुटपाथवर केलेलं अनधिकृत बांधकाम मात्र यातून वगळलंय.