टीव्हीवर रोज येतो, तालुक्याला काही येत नाही

नवा मराठी सिनेमा येणार हे आमच्या घरी मालिकेतून कळतं. रात्री जेवणं उरकली की टीव्हीतली सून सासूला म्हणते, "आई, आपण सगळ्या मिळून सिनेमाला जाऊ या ना!" कालपर्यंत जिनं सुनेचं ताट ओढून घेतलं होतं ती सासू आज काठापदराची नेसून तयार. मग सिनेमातले हिरो-हिरॉईन खुद्द हॉलमध्ये हजर. ते नाचतात, तारीख सांगतात, मोदक खातात आणि जातात. दुसऱ्या दिवशी सासू पुन्हा मूळ पदावर.

हसू येतं, पण यामागचा हिशेब पक्का असतो. नियमाप्रमाणे चॅनेलला तासाला १२ मिनिटांच्या वर जाहिराती दाखवता येत नाहीत. त्यातल्या १० धंद्याच्या आणि २ स्वतःच्या कार्यक्रमांच्या. सासू-सुनेची सिनेमाची चर्चा मात्र मालिकेतच खपून जाते. रिमोटला हात जायच्या आत तारीख डोक्यात बसलेली असते. शिवाय सिनेमा काढणारे आणि चॅनेल चालवणारे बऱ्याचदा एकाच घरचे. झी स्टुडिओज आणि झी मराठीचं नातं काही लपलेलं नाही. आणि सिनेमा बाहेरचा असला तरी चॅनेलनं टीव्हीचे हक्क आधीच घेऊन ठेवले असतील, तर तो थिएटरात गाजणं चॅनेललाही हवंच असतं. पुढं रविवारी 'वर्ल्ड टेलिव्हिजन प्रीमियर'ला टीआरपी त्यावरच मिळणार ना!

झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' हा विनोदी कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला आणि या प्रकाराला खरी बरकत आली. शाहरुख, सलमानसुद्धा त्यातल्या थुकरटवाडीत येऊन गेले. सागर कारंडेचा पोस्टमन पत्र वाचायला लागला की आमची आई डोळ्याला पदर लावायची. पाहुणे रडायचे, प्रेक्षक रडायचे, आणि नाक पुसून होईपर्यंत पडद्यावर पुन्हा सिनेमाची तारीख. मला राग नाही यायचा. अर्धा तास पोट धरून हसवलं, त्याची किंमत म्हणून तारीख ऐकून घेतली, एवढंच.

राग येतो तो त्या शुक्रवारी.

आई विचारते, "कुठं लागलाय रे?" आमच्या मराठवाड्यातल्या तालुक्याच्या टॉकीजचं मंगल कार्यालय होऊनही जमाना झाला. सिनेमा बघायचा तर लातूर, नांदेड नाहीतर संभाजीनगर गाठा. ॲपवर पाहावं तर दिवसाला एक शो, तोही सकाळी नाहीतर भर दुपारी. २०१५ मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सवाल्यांना दुपारी १२ ते रात्री ९ मध्ये मराठीला एक शो द्यायला सांगितलं, तेव्हा केवढा आरडाओरडा झाला होता! पण जिथं मल्टिप्लेक्सच नाही तिथं तो नियम घेऊन करायचं काय? चौघांचं भाडं, तिकिटं, वर तिथलं पॉपकॉर्न. सोयाबीनला भाव असा पडलेला, कोण जाणार? मग आई म्हणते, "जाऊ दे, येईल की टीव्हीवर." म्हणजे महिनाभर जो गाजावाजा आम्ही बघितला तो आमच्यापुरता टीव्हीवरच्या प्रीमियरचाच झाला. नंतर हेच निर्माते मुलाखतीत म्हणणार, मराठी प्रेक्षक थिएटरात येत नाही. अहो, कुठल्या थिएटरात?

लोक येतच नाहीत असं कोणी म्हणू नये. २०१६ च्या एप्रिलअखेर 'सैराट' लागला तेव्हा गावोगावची पोरं जीप-टेम्पो भरून निघाली होती. महिनाभर टीव्हीवर गाणी वाजवून झीनं हवा केली हे खरं, पण ती पोरं खेड्यातली होती आणि त्यांना पडद्यावर आपलंच कोणीतरी दिसत होतं.

आणखी एक. प्रमोशनला आलेल्या पाहुण्यांना हमखास एक स्किट असतं, त्यात आमच्या बोलीत "कामून बे?" म्हणणारा एक येडा असतो. त्याच्यावर हसून झालं की सगळे पुण्या-मुंबईच्या प्रीमियरला निघतात. रितेश देशमुख आमच्या लातूरजवळच्या बाभळगावचा, म्हणून आम्ही त्याला घरचं समजून माफ करतो. बाकीच्यांनी तुळजापूरला देवीला आल्यावर वाटेत एखाद्या तालुक्याला उतरून बघावं.

प्रोमोच्या खाली पट्टी तर फुकटच असते. तिच्यावर मराठवाड्यात सिनेमा कुठल्या गावात, किती वाजता लागलाय एवढं तरी फिरवा. आणि लावायचाच नसेल, तर सरळ प्रीमियरचीच तारीख सांगा.