एनडीएसाठी कॉलेज सोडायचं? जरा थांबा

दहावीचा निकाल लागला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मुलाला एनडीएत, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, पाठवायचं असेल तर ज्युनिअर कॉलेजचा नाद सोडा, कुठेतरी नावापुरता प्रवेश घ्या आणि दोन वर्षं निवासी अकॅडमीत ठेवा, असा त्याचा सारांश. खाली कारणं असतात. बोर्डाच्या अभ्यासाचा तिथे उपयोग नाही, सायन्स नसेल तर अर्जच भरता येत नाही, खरी निवड ग्राउंडवर होते, एसएसबीची, म्हणजे लेखी परीक्षेनंतरच्या मुलाखती-चाचण्यांची, उत्तरं घोटून घ्यावी लागतात, आणि पहिल्या फटक्यात झालं नाही तर अधिकारी होणं विसरायचं. शेवटी बहुतेक वेळा एक मोबाइल नंबर.

आधी बोर्डाचं बघू. एनडीएसाठीची यूपीएससीची लेखी परीक्षा ९०० गुणांची असते: गणित ३००, सामान्य क्षमता चाचणी ६००. गणितात काय येतं? मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, निर्देशक भूमिती, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, व्हेक्टर, संभाव्यता. म्हणजे अकरावी-बारावीचं पुस्तकच. फरक आहे तो वेगाचा. अडीच तासांत १२० प्रश्न, कॅल्क्युलेटर नाही, बरोबर उत्तराला अडीच गुण आणि चुकलं की ०.८३ वजा. हा वेग सरावानं येतो, पण मुळात धडा समजलेला हवा, आणि धडा वर्गात शिकवतात. सहाशेच्या पेपरातही २०० गुण इंग्रजीचे, बाकी विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी. शिवाय बारावी पास झाल्याशिवाय खडकवासल्याला कोणी आत घेत नाही.

सायन्सचा मुद्दा अर्धा खरा आहे. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. भूदलासाठी कुठलीही शाखा चालते. मात्र गणिताचा पेपर कला शाखेच्या मुलालाही तोच, हे विसरून चालणार नाही. मुलींना प्रवेश नाही असं अजून कुठे वाचलंत तर तो मेसेज जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशानंतर दार उघडलं आणि मे २०२५मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेरही पडली.

ग्राउंडचा घोळ समजण्यासारखा आहे. आपल्याकडे गावोगाव पहाटे पोरं पळतात ती पोलीस भरतीसाठी, अग्निवीरसाठी. तिथे १६०० मीटरची वेळ लावतात आणि त्यावर निवड अडते. एनडीएच्या निवडीत अशी शर्यत नाही. यूपीएससीच्या जाहिरातीत फक्त सल्ला असतो, की येण्याआधी १५ मिनिटांत २.४ किलोमीटर धावता यावं, किमान २० पुशअप आणि ८ चिनअप निघावेत. संध्याकाळी तासभर घाम गाळणाऱ्या मुलाला हे जमतं. तरीही कित्येक मुलं दोन वर्षं मैदानावर घालवतात आणि गणितात गळतात. याची मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते.

आता एसएसबी. लेखी परीक्षेइतकेच, ९०० गुण या पाच दिवसांना आहेत, आणि मेसेजचा खरा धोका इथे आहे. पहिल्या दिवशी स्क्रीनिंगमध्येच बरेच जण घरी परततात. उरलेल्यांना तीन वेगवेगळे अधिकारी पारखतात: मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा आणि ग्रुप टेस्टिंग ऑफिसर. तिथे यालाच मनसा, वाचा, कर्मणा म्हणतात. तिघंही आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्समध्ये ते ताडून बघतात. वर्ड असोसिएशनमध्ये, म्हणजे शब्द बघून सुचेल ते वाक्य लिहायच्या चाचणीत, ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. तेवढ्या वेळात पाठ केलेलं वाक्य लिहिता येईलही, पण ‘मी पुढाकार घेतो’ असं कागदावर लिहिणारा मुलगा दुसऱ्या दिवशी फळी आणि दोर घेऊन अडथळा पार करताना गप्प उभा राहिला, की झालं.

मुलाखतीआधी पीआयक्यू नावाचा फॉर्म भरून घेतात. त्यात शाळा-कॉलेज, गुण, खेळ, छंद, कुठली जबाबदारी सांभाळली हे सगळं लिहायचं असतं आणि प्रश्न त्यातूनच निघतात. कुठले शिक्षक आवडत नव्हते आणि का? मित्र तुझ्याबद्दल काय म्हणतात? गॅदरिंगला काय केलंस? नावापुरता प्रवेश घेतलेल्या मुलानं यावर काय सांगायचं? दोन वर्षांत त्यानं वर्ग पाहिला नाही, टीम सांभाळली नाही, कोणाशी भांडून पुन्हा जुळवून घेतलं नाही. त्याच्याकडे उत्तरं असतात, पण ज्यातून ती यावीत ते दिवसच नसतात.

सगळ्या अकॅडमी वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. राज्य सरकारची छत्रपती संभाजीनगरची एसपीआय (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट) १९७७पासून एनडीएच्या तयारीचं हेच काम करते, मुलींसाठी आता नाशिकलाही तशी संस्था आहे. पण तिथली मुलं अकरावी-बारावी करत करतच तयारी करतात, आणि प्रवेश दहावीनंतर परीक्षा व मुलाखत देऊन मिळतो. पैसे भरण्याआधी ते दार ठोठावून बघा.

‘एकदा हुकलं की संपलं’ हे तर साफ खोटं. परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि साडेसोळा ते साडेएकोणीसच्या वयात बसाल तितक्या वेळा देता येते. पुढे पदवीनंतर अधिकारी होण्यासाठी यूपीएससीची सीडीएस परीक्षा आहे, हवाई दलाची स्वतःची एएफकॅट परीक्षा आहे. कॉलेजात एनसीसी करून चांगल्या श्रेणीचं सी सर्टिफिकेट मिळवलं तर भूदलाच्या एनसीसी स्पेशल एंट्रीत लेखी परीक्षाच नसते, थेट एसएसबी.

खरोखर आयुष्यात एकदाच मिळते ती संधी वेगळी आहे, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नसतो. पायलट व्हायचं असेल तर सीपीएसएस ही संगणकावरची चाचणी द्यावी लागते. त्यात नापास झालात तर कुठल्याही एंट्रीतून पुन्हा फ्लाइंगसाठी बसता येत नाही. त्यामुळे अर्ज भरताना फक्त रुबाब बघून हवाई दलाला पहिली पसंती देऊ नका. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, कारण फ्लाइंगचे दृष्टीचे निकष भूदलापेक्षा बरेच कडक आहेत.