'कधी कॅटॅलिस्ट गाळलाय का?' या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी एका पेपरातल्या, पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या पॅलेडियमच्या उत्प्रेरकाबद्दल (कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांनी लिहिलंय: "पाच फेऱ्यांत उतारा [मिळालेला माल] ९० टक्क्यांच्या वर राहिला, एवढ्यावरून उत्प्रेरक टिकाऊ ठरत नाही. पॅलेडियम किती झिरपलं [सुटून द्रावणात गेलं]? प्रत्येक फेरीत वेग मोजला का? धुवायच्या द्रावकाचा हिशेब कुठाय? नागपुरात बसून पेपर वाचून लिहिणाऱ्यांनी कधी कॅटॅलिस्ट गाळलाय का?"

शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो.

गाळलाय, साहेब. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात हायड्रोजनेशनच्या (हायड्रोजन जोडायच्या रिॲक्शनच्या) शेडमध्ये उमेदीची वर्षं गेली. वापरलेल्या पॅलेडियम-कार्बनचा (कार्बनच्या भुकटीवर बसवलेल्या पॅलेडियमचा) केक, म्हणजे गाळून उरलेला थर, फिल्टरवर कोरडा पडू दिला तर काय होतं, ते मला पेपर वाचून कळलेलं नाही. त्यात हायड्रोजन मुरलेला असतो; हवा लागली की केक पेटतो. आणि मे महिन्यात इकडे तो सुकायला वेळ लागत नाही. म्हणून नायट्रोजनखाली गाळायचा, ओला ठेवायचा, ओलाच पुढच्या बॅचला घालायचा. 'पुनर्वापर' हा आमच्यासाठी ड्युटीचा भाग होता, आलेखावरचा ठिपका नव्हता.

त्याच्याही आधी मी लोखंडाचा चुरा आणि आम्ल घालून नायट्रो संयुगाचं अमाइन करताना पाहिलंय. मागे काळ्या गाळाचे ढीग उरायचे. तेच काम निकेल किंवा पॅलेडियमवर हायड्रोजन देऊन केलं तर सोबत निघतं ते पाणी. ज्याने तो गाळ फावड्याने ओढलाय, त्याला शाश्वतता तुम्ही शिकवणार?

आणि "नागपुरात बसून" म्हणजे काय हो? सुझुकीची जोडणी (पॅलेडियम वापरून कार्बनला कार्बन जोडायची रिॲक्शन) नागपुरात उलटी होते का? एलआयटी, म्हणजे रसायन-तंत्रज्ञान शिकवणारी लक्ष्मीनारायण संस्था, १९४२ पासून याच शहरात आहे. प्रश्न विचारा ना, कोण नाही म्हणतंय. पण हा सूर काऊन?

द्रावकाचा हिशेब द्यायला हवा होता, चला, मान्य. रसायनज्ञ शेल्डनच्या ई-फॅक्टरप्रमाणे (एक किलो मालामागे किती किलो कचरा, तो आकडा) औषधांत किलोमागे २५ ते १०० किलो किंवा त्याहून जास्त कचरा निघतो, त्यात मोठा वाटा द्रावकांचाच. झालं समाधान?

राहता राहिलं झिरपणं. धातू उतरतो, हे मी कुठे नाकारलं? तपासायचं तर रिॲक्शन अर्ध्यात, गरम असतानाच गाळा, गाळलेलं द्रावण तसंच तापवत ठेवा. रिॲक्शन पुढे सरकली तर सक्रिय धातू द्रावणात आलेला आहे. थंड करून गाळलं तर उतरलेलं पॅलेडियम परत आधारावर (ज्यावर ते बसवलेलं असतं त्या पदार्थावर) बसू शकतं आणि निकाल गोंडस दिसतो, हेही ठाऊक आहे. पोटात घ्यायच्या औषधांना दिवसाला १०० मायक्रोग्रॅम पॅलेडियमची मर्यादा आहे, ती काही तुमच्या प्रतिक्रियेमुळे आलेली नाही. आकडे मूळ पेपरात आहेत. हवे असतील त्यांनी उघडून बघावेत.

वेगाचा मुद्दा वेगळाच आहे, त्यावर कधीतरी लिहीन. तोवर पुढची प्रतिक्रिया टोपणनावाआडून न देता नावानिशी द्या, म्हणजे मलाही बोलायला बरं पडेल.